जुन्या वंशावळ-सॉफ्टवेअरचा अन्य कार्यप्रणालीवरील वापर : 'पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाईल'च्या संदर्भात एक अभ्यास

सारांश :

वंशावळींच्या नोंदी संगणकावर ठेवण्याची पद्धत इ.स. १९८० नंतरच्या दशकात रूढ झाली. त्या काळातील अनेक आज्ञावल्या आज बंद पडल्या असून त्यांमध्ये साठविलेली माहिती मात्र कुटुंबांच्या व संस्थांच्या संग्रही आहे. 'पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाईल' ही आज्ञावली उदाहरणादाखल घेऊन, जुने वंशावळ-सॉफ्टवेअर मूळ कार्यप्रणालीखेरीज अन्य कार्यप्रणालीवर चालविण्याचे मार्ग, त्यांतील अडचणी आणि माहितीच्या सुरक्षित स्थलांतराची पद्धत यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे. देवनागरीतील वंशावळींपुढे उभ्या राहणाऱ्या प्रश्नांचा स्वतंत्र विचार केला आहे.

बीजसंज्ञा : वंशावळ, कार्यप्रणाली, वाईन, डॉसबॉक्स, जेडकॉम, युनिकोड, माहितीचे स्थलांतर

प्रस्तावना :

कागदावरील वंशावळ शंभर वर्षांनी पेटीतून बाहेर काढली तरी ती वाचता येते. कागद पिवळा पडला असेल, शाई फिकी झाली असेल, मोडी येत नसेल तर जाणकाराकडे जावे लागेल. परंतु वाचनासाठी कागद आणि डोळे यांखेरीज तिसऱ्या साधनाची गरज नसते. संगणकावरील वंशावळीचे तसे नाही. ती वाचण्यासाठी ती लिहिणारी आज्ञावली लागते, आज्ञावलीला विशिष्ट कार्यप्रणाली लागते आणि कार्यप्रणालीला विशिष्ट यंत्र लागते. या साखळीतील एक कडी तुटली तरी संपूर्ण नोंद मुकी होते.

समजा, एखाद्या निवृत्त प्राध्यापकांनी इ.स. २००० च्या सुमारास आपल्या घराण्याच्या नऊ पिढ्यांची माहिती परिश्रमपूर्वक गोळा करून संगणकावर नोंदविली. गावोगावी जाऊन वृद्धांना भेटले, जन्मटिपणे पाहिली, दत्तकपत्रे वाचली. आज ते हयात नाहीत, माहिती सांगणारे वृद्धही नाहीत. मागे उरली ती एक फाईल, आणि नातवाच्या संगणकावर ती उघडत नाही. अशा वेळी नष्ट होण्याचा धोका एका सॉफ्टवेअरपुरता नसतो. पुन्हा कधीही गोळा करता येणार नाही अशी माहिती त्यात पणाला लागलेली असते. म्हणूनच वरवर पाहता तांत्रिक वाटणारा हा विषय इतिहास, समाजशास्त्र, ग्रंथालयशास्त्र आणि भाषा या सर्व विषयांच्या अध्यापकांना जवळचा वाटावा असा आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) जुने सॉफ्टवेअर अन्य कार्यप्रणालीवर का चालत नाही, याची कारणे स्पष्ट करणे.
२) ते चालविण्याच्या उपलब्ध मार्गांची तुलना करणे.
३) माहितीच्या स्थलांतरात होणारी हानी व तिच्या पडताळणीची पद्धत मांडणे.
४) देवनागरी वंशावळींच्या विशेष अडचणींचा परामर्श घेणे.

'पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाईल' : उगम आणि समाप्ती

अमेरिकेतील युटा राज्यात मुख्यालय असलेल्या, सर्वसाधारणपणे 'मॉर्मन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती संप्रदायात पूर्वजांच्या शोधाला धार्मिक महत्त्व आहे. या संप्रदायाने इ.स. १८९४ मध्ये वंशावळविषयक संस्था स्थापन केली आणि पुढे सॉल्ट लेक सिटी येथे कुटुंब-इतिहासाचे विशाल ग्रंथालय उभारले. याच संप्रदायाने इ.स. १९८४ मध्ये 'पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाईल' ही आज्ञावली प्रसृत केली. प्रारंभी ती डॉस या कार्यप्रणालीवर चालत असे. मॅकिंटॉश संगणकासाठीही तिची आवृत्ती निघाली होती. इ.स. १९९९ मध्ये विंडोजसाठी चौथी आवृत्ती आली व ती विनामूल्य उपलब्ध झाली. ही आवृत्ती 'ॲन्सेस्ट्रल क्वेस्ट' या दुसऱ्या एका आज्ञावलीवर आधारलेली होती. पुढे पाचवी आवृत्ती आली आणि इ.स. २००२ मधील ५.२ ही आवृत्ती अखेरची ठरली. १५ जुलै २०१३ रोजी तिचे वितरण व साहाय्य अधिकृतरीत्या थांबविण्यात आले.

हा प्रकार एकट्या याच आज्ञावलीच्या बाबतीत घडला असे नाही. 'द मास्टर जीनिऑलॉजिस्ट' ही संशोधकांमध्ये मान्यता पावलेली आज्ञावली बंद होत असल्याचे इ.स. २०१४ मध्ये जाहीर झाले. 'फॅमिली ट्री मेकर'ची विक्री थांबविण्याची घोषणा डिसेंबर २०१५ मध्ये झाली. मात्र २०१६ मध्ये दुसऱ्या कंपनीने ती स्वीकारल्यामुळे ती टिकून राहिली. यावरून असे दिसून येते की, सॉफ्टवेअरचे आयुष्य वंशावळीच्या एका पिढीइतकेही नसते. दोन पिढ्यांमधील अंतर साधारणतः पंचवीस ते तीस वर्षांचे धरले, तर डॉसवरील पहिल्या आवृत्तीपासून अखेरच्या दिवसापर्यंत या आज्ञावलीचा संपूर्ण प्रवास २९ वर्षांत आटोपला.

सॉफ्टवेअर दुसऱ्या कार्यप्रणालीवर का चालत नाही?

कोणतीही आज्ञावली एकटी काम करीत नाही. पडद्यावर खिडकी उघडणे, फाईल वाचणे, अक्षरे दाखविणे, छपाई करणे ही कामे ती कार्यप्रणालीकडून करवून घेते. ही मागणी कोणत्या शब्दांत करायची याचे प्रत्येक कार्यप्रणालीचे संकेत वेगळे असतात. विंडोजसाठी लिहिलेली आज्ञावली विंडोजच्या संकेतांनुसार मागणी करते. लिनक्सला ती भाषा कळत नाही. शिवाय आज्ञावलीच्या फाईलची अंतर्गत रचनाही दोन्हींकडे भिन्न असते. त्यामुळे विंडोजची फाईल लिनक्सवर नुसती नकलून ठेवल्याने ती चालू लागत नाही.

दुसरे कारण प्रोसेसरशी निगडित आहे. आज्ञावली ही अंतिमतः विशिष्ट प्रोसेसरच्या सूचनांत लिहिलेली असते. इंटेल जातीच्या प्रोसेसरसाठी तयार झालेल्या सूचना इ.स. २०२० पासून ॲपलने आपल्या संगणकांत वापरलेल्या नव्या प्रोसेसरला थेट समजत नाहीत; मध्ये भाषांतराची सोय करावी लागते.

तिसरे कारण असे की, एकाच कार्यप्रणालीच्या नव्या आवृत्त्याही जुन्याची साथ सोडतात. डॉसवरील आज्ञावल्या १६-बिट स्वरूपाच्या होत्या. ६४-बिट विंडोजवर त्या चालत नाहीत आणि इ.स. २०२१ मध्ये आलेले विंडोज ११ तर केवळ ६४-बिट स्वरूपातच मिळते. ॲपलने इ.स. २०१९ मधील कॅटालिना या आवृत्तीपासून ३२-बिट आज्ञावल्यांचा आधार पूर्णतः काढून घेतला. म्हणजेच, 'मी कार्यप्रणाली बदललेली नाही' असे म्हणणाऱ्याचीही या प्रश्नातून सुटका नाही. त्याच्या नकळत कार्यप्रणालीच बदललेली असते.

उपलब्ध मार्ग :

या समस्येवर स्थूलमानाने चार मार्ग संभवतात. त्यांपैकी पहिले तीन जुने सॉफ्टवेअर जिवंत ठेवतात. चौथा सॉफ्टवेअर सोडून माहिती वाचवितो.

(अ) डॉसबॉक्स : डॉस-आवृत्तीसाठी

पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाईलची दुसरी वा तिसरी आवृत्ती वापरलेली असल्यास डॉसबॉक्स हा मार्ग योग्य होय. इ.स. २००२ मध्ये प्रथम प्रसृत झालेली ही मुक्त आज्ञावली जुन्या संगणकाचा प्रोसेसर, पडदा आणि डॉस यांची हुबेहूब नक्कल करते. ती लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर चालते. संगणकावरील एक फोल्डर डॉसबॉक्सला 'सी' ड्राईव्ह म्हणून जोडून द्यायचा, त्यात आज्ञावली व माहितीच्या फाईली ठेवायच्या आणि मूळ आज्ञा टंकलिखित करून ती सुरू करायची, अशी ही पद्धत आहे.

येथे तीन बाबींचे भान ठेवावे लागते. पहिली, डॉसच्या काळातील या आज्ञावलीची माहिती एका फाईलमध्ये नसून अनेक फाईलींत विभागलेली असे. त्यामुळे संपूर्ण फोल्डर नकलून घ्यावा, त्यातील एखादीच फाईल घेतल्यास उपयोग होत नाही. दुसरी, डॉसमधील फाईलचे नाव आठ अक्षरे व तीन अक्षरांचा प्रत्यय एवढेच असू शकते. तिसरी, मूळ डॉसबॉक्समध्ये छपाईची सोय नाही. म्हणून अहवाल कागदावर न काढता फाईलमध्ये साठवावेत व मग आधुनिक आज्ञावलीतून छापावेत.

(आ) वाईन : विंडोज-आवृत्तीसाठी

वाईन हा प्रकल्प इ.स. १९९३ मध्ये सुरू झाला आणि त्याची पहिली स्थिर आवृत्ती जून २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. वाईनची भूमिका दुभाष्याची आहे. आज्ञावली विंडोजच्या भाषेत मागणी करते; वाईन ती लिनक्सच्या भाषेत सांगते आणि लिनक्सचे उत्तर विंडोजच्या भाषेत परत देते. प्रोसेसर तोच असल्यामुळे मूळ सूचनांचे भाषांतर करावे लागत नाही. परिणामी आज्ञावलीचा वेग फारसा कमी होत नाही. यासाठी विंडोज विकत घ्यावे लागत नाही, ही महाविद्यालयांच्या दृष्टीने महत्त्वाची बाब होय. सी-डॅकने इ.स. २००७ मध्ये प्रसृत केलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणालीही लिनक्सच्याच डेबियन शाखेवर आधारलेली आहे.

पाचवी आवृत्ती ३२-बिट असल्याने ६४-बिट लिनक्सवर वाईनचा ३२-बिट भागही स्थापित करावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या वाईन ९.० पासून ३२-बिट आज्ञावली निव्वळ ६४-बिट व्यवस्थेवर चालविण्याची नवी रचना उपलब्ध झाली आहे. आज्ञावली स्थापित केल्यावर वाईन वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये एक छुपा फोल्डर तयार करते व त्यात विंडोजच्या 'सी' ड्राईव्हची प्रतिकृती उभी करते. वंशावळीची फाईल शक्यतो या छुप्या फोल्डरमध्ये ठेवू नये. संगणकाची राखीव प्रत काढताना छुपे फोल्डर नजरेतून सुटण्याचा संभव असतो. वाईन लिनक्सची संपूर्ण फाईल-व्यवस्था 'झेड' ड्राईव्ह म्हणून दाखविते. त्या मार्गाने आपल्या नेहमीच्या फोल्डरमधील फाईल उघडता येते.

आज्ञावलीच्या खिडकीतील अक्षरे वेडीवाकडी वा तुटलेली दिसल्यास बहुधा विंडोजचे मूळ टंक नसल्यामुळे तसे घडते. विनट्रिक्स या साहाय्यक साधनाद्वारे ते टंक स्थापित करता येतात. प्रत्येक जुन्या आज्ञावलीसाठी वाईनचा स्वतंत्र फोल्डर ठेवणे हितावह ठरते. एका आज्ञावलीसाठी केलेला बदल दुसरीस बाधत नाही.

(इ) आभासी यंत्र

वाईनमध्ये अडचण येत असल्यास संगणकाच्या आत दुसरा संपूर्ण संगणक उभा करता येतो. व्हर्च्युअलबॉक्स ही याच प्रकारची आज्ञावली असून तिची मुक्त आवृत्ती इ.स. २००७ मध्ये आली. या आभासी यंत्रात जुने विंडोज स्थापित करून त्यावर जुनी आज्ञावली चालविली जाते. वाईन जर दुभाषा असेल, तर आभासी यंत्र म्हणजे पाहुण्यासाठी घरातच बांधून दिलेले वेगळे बिऱ्हाड होय. येथे सुसंगततेची अडचण सर्वांत कमी येते. परंतु विंडोजचा वैध परवाना आवश्यक असतो आणि स्मृती व साठवणही अधिक लागते. विंडोज एक्सपीला सुरक्षाविषयक साहाय्य मिळणे ८ एप्रिल २०१४ रोजी थांबले आहे. त्यामुळे अशा आभासी यंत्राची इंटरनेट-जोडणी बंद ठेवावी. ॲपलच्या नव्या प्रोसेसरवर जुने विंडोज चालविण्यासाठी केवळ आभासी यंत्र पुरत नाही. तेथे क्यूईएमयूसारख्या, प्रोसेसरचीच नक्कल करणाऱ्या आज्ञावलीची मदत घ्यावी लागते आणि वेग कमी होतो.

(ई) माहितीचे स्थलांतर

चौथ्या मार्गात जुन्या फाईलमधील माहिती आजही सांभाळल्या जाणाऱ्या आज्ञावलीत नेली जाते. पर्सनल ॲन्सेस्ट्रल फाईलच्या बाबतीत दोन सोयी आहेत. ॲन्सेस्ट्रल क्वेस्ट, रूट्समॅजिक, लीगसी यांसारख्या आज्ञावल्या तिच्या फाईली थेट वाचू शकतात. दुसरी सोय म्हणजे जेडकॉम या मध्यस्थ स्वरूपात माहिती निर्यात करून ग्रॅम्प्ससारख्या मुक्त आज्ञावलीत ती आयात करणे. ग्रॅम्प्सचा विकास इ.स. २००१ मध्ये सुरू झाला. ती लिनक्स, मॅक व विंडोजवर चालते आणि तिचा मूळ संकेत सर्वांना खुला आहे.

अंकीय नोंदींच्या जतनासाठी मूळ वातावरणाची नक्कल करावी की माहितीचे स्थलांतर करावे, हा वाद जुना आहे. जेफ रॉथेनबर्ग या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी १९९० च्या दशकात नक्कल-पद्धतीचा आग्रहाने पुरस्कार केला होता. स्थलांतराच्या प्रत्येक टप्प्यावर थोडी हानी होते व ती साठत जाते, हा त्या बाजूचा मुख्य आक्षेप होय. उलट नक्कल करणारी आज्ञावलीही एक दिवस जुनी होणार, हा दुसऱ्या बाजूचा युक्तिवाद आहे. वंशावळीच्या बाबतीत हे दोन्ही मार्ग परस्परविरोधी नसून परस्परपूरक आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पहिल्या तीन मार्गांनी जुनी आज्ञावली एकदा उघडावी, ती उघडी असतानाच माहिती निर्यात करावी आणि स्थलांतर बरोबर झाले की नाही हे जुन्या पडद्याशी ताडून पाहावे. स्थलांतरित माहितीची शहानिशा करण्यास मूळ आज्ञावलीइतका विश्वासार्ह साक्षीदार दुसरा नाही.

जेडकॉमचे स्वरूप आणि मर्यादा :

जेडकॉम हे स्वरूपही मॉर्मन संप्रदायानेच इ.स. १९८४ मध्ये निर्माण केले. ५.५ ही आवृत्ती १९९६ मध्ये आली. ५.५.१ चा मसुदा १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला व अनेक आज्ञावल्यांनी तो स्वीकारला. मात्र त्यास अधिकृत मान्यता इ.स. २०१९ मध्ये मिळाली. ७.० ही आवृत्ती २०२१ ची आहे.

जेडकॉम फाईल साध्या मजकुराची असते. प्रत्येक ओळीच्या आरंभी पातळीचा अंक, त्यानंतर नोंदीचा प्रकार दर्शविणारी खूण आणि त्यानंतर माहिती अशी तिची रचना असते. व्यक्ती आणि कुटुंब यांच्या नोंदी स्वतंत्र असून त्या क्रमांकांनी परस्परांशी जोडलेल्या असतात. साध्या मजकुराचे स्वरूप हाच जेडकॉमचा सर्वांत मोठा गुण होय. सर्व आज्ञावल्या नाहीशा झाल्या तरी ही फाईल कोणत्याही मजकूर-संपादकात उघडून माणसाला वाचता येते. या अर्थाने ती कागदी वंशावळीच्या सर्वांत जवळ जाते.

तथापि तिच्या मर्यादा ध्यानात घेतल्या पाहिजेत. छायाचित्रे फाईलमध्ये समाविष्ट नसतात. केवळ त्यांचा पत्ता नोंदलेला असतो. 'सी' ड्राईव्हवरील अमुक फोल्डर असा तो पत्ता लिनक्सवर निरर्थक ठरतो. म्हणून छायाचित्रे वेगळी नकलून घेऊन त्यांचे पत्ते दुरुस्त करावे लागतात. दुसरी मर्यादा दीर्घ टिपणांची. ५.५ व ५.५.१ मध्ये ओळीची लांबी २५५ वर्णांपुरती मर्यादित असल्याने मोठे टिपण तुकड्यांत विभागले जाते. जोडाच्या जागी रिकामी जागा आल्यास ती गळून दोन शब्द एकमेकांस चिकटतात. ७.० मध्ये ही मर्यादा काढून टाकली आहे. तिसरी मर्यादा म्हणजे प्रत्येक आज्ञावलीच्या खास खुणा. त्या दुसऱ्या आज्ञावलीस उमगत नाहीत. ग्रॅम्प्स आयातीच्या अखेरीस न समजलेल्या ओळींची यादी देते. ती यादी न वाचता बंद करणे ही स्थलांतरातील सर्वांत सामान्य चूक होय.

देवनागरी वंशावळींचे विशेष प्रश्न :

महाराष्ट्रात कुलवृत्तांत प्रसिद्ध करण्याची परंपरा विसाव्या शतकात रुजली. संगणक आल्यावर अशी सामग्री संगणकावर नोंदविणाऱ्यांपुढे चार प्रश्न उभे राहिले आणि जुन्या फाईली उघडताना ते आजही उभे राहतात.

पहिला प्रश्न लिपीचा. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर विशिष्ट टंकांत लिहिला जात असे. त्या पद्धतीत फाईलमध्ये प्रत्यक्षात रोमन वर्णांचे संकेतांक साठविले जात. टंक त्या जागी देवनागरी आकृती दाखवीत असे. लिनक्सवर तो टंक नसल्यास मजकुराच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. माहिती नष्ट झालेली नसते. पण ती तशी भासते. अशा फाईलची निर्यात करताना अक्षरसंचाची निवड निर्णायक ठरते. जेडकॉमचा पारंपरिक 'ॲन्सेल' हा अक्षरसंच रोमन लिपीतील स्वरचिन्हांसाठी रचलेला आहे. त्याची निवड केल्यास आज्ञावली संकेतांकांचा अर्थ रोमन वर्ण असा घेऊन त्यांचे रूपांतर करते आणि ज्यांना त्या संचात प्रतिरूप नाही ते वर्ण गमावले जातात. म्हणून अशा फाईलची निर्यात विंडोजच्या 'ॲन्सी' संचातच करावी, मूळ फाईल जशीच्या तशी जपावी आणि त्यानंतर टंकानुरूप परिवर्तकाने तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे. मूळ टंकाचे नाव आणि शक्य असल्यास टंकाची फाईल संग्रही ठेवणे अगत्याचे आहे, कारण कोणता परिवर्तक वापरायचा हे त्यावरूनच ठरते. मजकूर युनिकोडमध्येच असेल, तर मात्र निर्यातीसाठी 'यूटीएफ-८' हा संच निवडावा.

दुसरा प्रश्न नावाचा. जेडकॉममध्ये आडनाव तिरप्या रेषांमध्ये लिहून वेगळे केले जाते. उरलेला भाग व्यक्तिनाम मानला जातो. मराठी पद्धतीतील मधले नाव, म्हणजे वडिलांचे वा पतीचे नाव, यास स्वतंत्र स्थान नाही. पिता-पुत्र संबंध जोडणीतून व्यक्त होत असल्याने मधले नाव पुन्हा लिहिणे टाळता येते. परंतु लिहायचे असल्यास सर्वत्र एकाच रीतीने लिहावे. विवाहानंतर स्त्रीचे आडनाव आणि काही घराण्यांत नावही बदलते. ५.५.१ मध्ये नावाचा प्रकार नोंदविण्याची सोय असल्याने माहेरचे नाव हे मूळ आणि सासरचे नाव हे विवाहोत्तर अशी दोन नावे एकाच व्यक्तीस देता येतात. हे न केल्यास स्त्रियांच्या दोन-दोन नोंदी होतात किंवा माहेरच्या वंशावळीत त्यांचा माग तुटतो.

तिसरा प्रश्न दत्तकविधानाचा. बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड हे कवळाणे येथील शाखेतून इ.स. १८७५ मध्ये दत्तक आले व गोपाळराव हे त्यांचे मूळ नाव बदलले. कोल्हापूरचे शाहू महाराज हे कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव, ते इ.स. १८८४ मध्ये दत्तक आले. अशा व्यक्तीस जन्माचे कुटुंब आणि दत्तकाचे कुटुंब अशा दोन जोडण्या लागतात. जेडकॉममध्ये त्याची सोय आहे; परंतु आयात करणारी आज्ञावली दोन्ही जोडण्या सारख्याच मानत असेल, तर दत्तक संबंधाची खूण पुसली जाऊन दत्तक पुत्र औरस म्हणून दिसू लागतो. घराण्याच्या इतिहासात हा तपशील गौण खचितच नाही.

चौथा प्रश्न कालगणनेचा. जेडकॉमच्या ५.५ आवृत्तीत ग्रेगरियन, ज्युलियन, हिब्रू आणि फ्रेंच क्रांतिकालीन या कालगणनांची तरतूद आहे. शालिवाहन शकाची नाही. शके १८०५ मधील चैत्र इ.स. १८८३ मध्ये येतो, तर त्याच शकाचा फाल्गुन १८८४ मध्ये. त्यामुळे महिना ठाऊक नसताना केवळ ७८ मिळवून काढलेले इसवी सन एका वर्षाने चुकू शकते. यास्तव मूळ तिथी टिपणात शब्दशः ठेवावी आणि तारखेच्या रकान्यात इसवी सन 'अंदाजे' या खुणेसह नोंदवावे. स्थलांतरानंतर ही टिपणे शाबूत आहेत की नाहीत, हे विशेषत्वाने तपासावे.

कार्यपद्धती आणि पडताळणी :

वरील विवेचनाच्या आधारे पुढील क्रम सुचविता येईल.

१) जुनी फ्लॉपी, तबकडी वा संगणक यांवरील संपूर्ण फोल्डरची प्रत प्रथम घ्यावी. मूळ साधनावर काहीही लिहू नये. साडेतीन इंची फ्लॉपी यूएसबी-जोडणीच्या वाचकाने वाचता येते.
२) फाईल कोणत्या आज्ञावलीची व कोणत्या आवृत्तीची आहे हे निश्चित करावे.
३) डॉसबॉक्स, वाईन किंवा आभासी यंत्र यांपैकी योग्य मार्गाने जुनी आज्ञावली सुरू करून फाईलची प्रत उघडावी, मूळ फाईल उघडू नये.
४) एकूण व्यक्ती, एकूण कुटुंबे आणि एकूण संदर्भ यांची संख्या टिपून ठेवावी.
५) वंशवृक्षाचे व वैयक्तिक नोंदींचे अहवाल काढून ते पीडीएफ स्वरूपात वा कागदावर जपावेत.
६) जेडकॉम निर्यात करावी. हयात व्यक्तींची माहिती वगळण्याचा पर्याय काही आज्ञावल्यांत असतो; जतनासाठीच्या प्रतीत तो बंद असल्याची खात्री करावी. उलट, इतरांस द्यावयाच्या प्रतीत तो चालू ठेवणे हे नैतिकदृष्ट्या आवश्यक आहे.
७) नव्या आज्ञावलीत आयात केल्यावर संख्या ताडून पाहाव्यात. संख्या जुळल्या म्हणजे काम संपले असे नाही. दत्तक व्यक्ती, पुनर्विवाह, आप्तसंबंधातील विवाह, दीर्घ टिपण आणि अंदाजे तारीख असलेल्या निवडक नोंदी जुन्या व नव्या पडद्यांवर समोरासमोर ठेवून तपासाव्यात.
८) मूळ फाईल, जेडकॉम फाईल, अहवाल आणि टंक यांचा एक संच करून तो निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावा. संचासोबत काय, केव्हा व कोणत्या मार्गाने केले याची टिपणवही असावी.

निष्कर्ष :

१) जुने वंशावळ-सॉफ्टवेअर न चालण्यामागे कार्यप्रणालीचे संकेत, प्रोसेसरच्या सूचना आणि नव्या आवृत्त्यांनी सोडलेला जुन्याचा आधार ही तीन कारणे आहेत.
२) डॉस-आवृत्तीसाठी डॉसबॉक्स, विंडोज-आवृत्तीसाठी वाईन आणि अडचणीच्या प्रसंगी आभासी यंत्र हा क्रम खर्च व श्रम या दोन्ही दृष्टींनी उचित ठरतो.
३) जुनी आज्ञावली चालविणे हे साध्य नसून साधन आहे. माहिती खुल्या व वाचनीय स्वरूपात आणणे हे अंतिम उद्दिष्ट होय.
४) देवनागरी वंशावळींत अक्षरसंचाची चुकीची निवड ही सर्वाधिक धोक्याची बाब असून तिची भरपाई मूळ फाईल जपलेली असेल तरच शक्य आहे.

समारोप :

वंशावळ ही एका पिढीने दुसऱ्या पिढीच्या हाती सोपवायची वस्तू आहे. पूर्वी ती सोपविताना बाड द्यावे लागे. आज बाडाबरोबर ते वाचण्याची विद्याही द्यावी लागते. महाविद्यालयांतील इतिहास विभाग, ग्रंथालय आणि संगणकशास्त्र विभाग यांनी एकत्र येऊन परिसरातील घराण्यांच्या अशा जुन्या फाईली उघडून देण्याचा उपक्रम हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचा अनुभव मिळेल आणि स्थानिक इतिहासाची साधनेही वाचतील. त्यासाठी लागणारी बहुतेक साधने विनामूल्य आहेत. दुर्मिळ आहे तो अवधी. कारण ज्यांनी या फाईली लिहिल्या आणि ज्यांना त्यातील संक्षेपांचा व खुणांचा अर्थ ठाऊक आहे, ती माणसे आज वृद्ध झाली आहेत. फाईल उघडण्याचे काम पुढे कधीतरी करता येईल. तिचा अर्थ विचारण्याचे काम मात्र आजच करावयास हवे.